टीव्ही बंद कोणी करायचा?

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या वर्षी मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. बीड जिल्ह्यातील माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर लेकरे जगवीत होती. या दोन घटनांचा परस्परांशी पुढेमागे काही संबंध जडेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. तो आज जडला आहे. दुष्काळाने ज्यांच्या हाती कायमचा कोयता दिला, त्यांची नातवंडे आज पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आजीआजोबांजवळ राहतात आणि त्या चार-पाच महिन्यांत त्यांचा सर्वांत विश्वासू सोबती घरातला टीव्ही, नाही तर काकाचा मोबाइल असतो. मुलांनी टीव्ही किती पाहावा हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सदनिकांतला आहे, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती एकदा तपासून पाहायला हवी.

शास्त्राचे म्हणणे काय आहे, ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. वर्षाच्या आतील बालकास पडद्यासमोर बसवूच नये, एक वर्षाच्या मुलालाही शक्यतो बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ पडदा दाखवू नये, असे ती सांगतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रांत दोन वर्षांखाली पूर्ण बंदी, दोन ते पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी, अशी मर्यादा घातली आहे. सूत्रे स्पष्ट आहेत. परंतु ती ज्या घराला उद्देशून लिहिलेली आहेत, त्या घरात निजण्याची खोली वेगळी असते, मुलासाठी निदान एक प्रौढ माणूस मोकळे असते आणि आई संध्याकाळी घरी असते. बीड जिल्ह्यातील घर असे असेलच, याची कोणी हमी द्यावी?

आरोग्यसाक्षरता हा शब्द अलीकडे आपल्या सरकारी परिपत्रकांत दिसू लागला आहे. इंग्रजीत तो प्रथम १९७४ च्या सुमारास आरोग्यशिक्षणाच्या चर्चेत आला. अक्षरओळख आणि आरोग्यसाक्षरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के भरली. स्त्रियांची त्याहून कमी, सुमारे ६८ टक्के. पण ज्याला अक्षर येते त्याला औषधाच्या बाटलीवरची मात्रा समजतेच असे नाही, आणि जिला अक्षर येत नाही ती आई मुलाचा ताप हाताने अचूक ओळखते. ऐकलेल्या सल्ल्यापैकी खरा कोणता हे निवडता येणे, त्याचे कारण समजणे आणि आपल्या घराच्या परिस्थितीत तो बसवता येणे, या तिन्ही गोष्टी आल्या म्हणजे आरोग्यसाक्षरता आली. यांपैकी तिसरी सर्वांत अवघड आहे आणि नेमका तिचाच विचार आपल्या आरोग्यशिक्षणात सर्वांत कमी होतो.

मुलांच्या टीव्ही पाहण्याविषयी आपल्या पालकांची तक्रार काय असते, ते कोणत्याही शाळेच्या पालकसभेत दहा मिनिटे बसले तरी कळते. डोळे बिघडतात, अभ्यास होत नाही आणि पोरगं उलट बोलायला शिकतं, या त्या तीन तक्रारी. २००८ साली 'शिनचॅन' या जपानी व्यंगचित्रमालिकेचे प्रक्षेपण आपल्याकडे थांबवण्यात आले, तेही पालकांच्या अशाच तक्रारींवरून. पुढे काटछाट करून ती परत आली. त्या मालिकेतला पोर वडीलधाऱ्यांशी उद्धटपणे वागतो, हा मुख्य आक्षेप होता. तो चुकीचा होता असे मी म्हणत नाही. परंतु आपल्या पालकांना टीव्हीची चिंता वाटते ती संस्काराच्या आणि गुणपत्रिकेच्या बाजूने. झोप, जेवण, खेळ आणि बोलणे या चार गोष्टींच्या बाजूने ती क्वचितच वाटते. आणि वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर याच चार ठिकाणी खरी झीज होते.

डोळ्यांचेच घ्या. टीव्हीजवळ बसू नको, डोळे जातील, हे वाक्य भारतातल्या प्रत्येक भाषेत म्हटले जात असावे. या भीतीच्या मागे थोडा इतिहासही आहे. १९६७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निसटत असल्याचे आढळले आणि हजारो संच दुरुस्तीसाठी परत घ्यावे लागले. ते संच गेले, काचेच्या नळीचे संचही गेले, सल्ला मात्र राहिला. आज नेत्रतज्ज्ञ जे सांगतात ते निराळे आहे. मुलांना दूरचे न दिसण्याचा जो दोष वाढतो आहे, त्याचा संबंध फार जवळून दीर्घकाळ पाहण्याशी जसा आहे, तसाच तो उघड्यावर, उन्हाच्या प्रकाशात घालवलेला वेळ कमी होण्याशी आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दररोज दोन तास वर्गाबाहेर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि दृष्टिदोषाचे वर्षानुवर्षे वाढत गेलेले प्रमाण काही वर्षांत उतरू लागले. म्हणजे मुलाला संचापासून चार हात मागे सरकवून आई निश्चिंत होते खरी; पण त्याला अंगणात पिटाळणे अधिक गुणाचे ठरले असते. अंगणाला आपल्या खेड्यांत अजून तरी तोटा नाही.

जेवणाची गोष्ट याहून नाजूक आहे. टीव्ही लावला की लेकरू जेवतं, हे वाक्य बीडच्या कोणत्याही अंगणवाडीत ऐकू येईल. ते म्हणणाऱ्या आईला आडाणी ठरवण्याची घाई करू नये. ज्या घरात लेकरू वजनात कमी भरले म्हणून अंगणवाडीच्या ताईने तक्त्यावर बोट ठेवून दाखवले आहे, त्या घरात दोन घास अधिक जाणे हाच आरोग्याचा विजय असतो. पडद्यावरच्या हलत्या चित्रांत गुंगलेले मूल तोंडापुढे आलेला घास गिळते, हे तिचे निरीक्षण बरोबर आहे. तिला कोणी सांगितलेले नसते ते हे, की अशा मुलाला पोट भरल्याची खूण ओळखण्याची सवय लागत नाही, चव आणि रंग ओळखता येत नाहीत आणि जेवताना मायलेकरांत जे बोलणे व्हायचे ते होत नाही. कुपोषित मूल आज असे जेवते. उद्या दहा-बारा वर्षांचे होऊन तेच मूल पुड्यांतला खाऊ घेऊन टीव्हीसमोर बसते, तेव्हा हीच सवय उलट्या दिशेने काम करते. अमेरिकेतील डिएट्झ आणि गोर्टमेकर या दोन संशोधकांनी १९८५ साली हजारो मुलांच्या पाहणीवरून दाखवले की, बारा ते सतरा वर्षांच्या मुलांत टीव्ही पाहण्याचा दररोजचा एकेक तास वाढतो तसे लठ्ठपणाचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. एकाच जिल्ह्यात, किंबहुना एकाच घरात, हडकुळे धाकटे आणि सुटलेले थोरले अशी जोडी दिसू लागली आहे, हे कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला विचारावे.

त्या पुड्यांतल्या खाऊचे मूळही पडद्यावरच असते. अगदी लहान मुलाला जाहिरात आणि कार्यक्रम यांतला फरक कळत नाही. पण तो कळण्याचे वय झालेल्या पालकांचे तरी काय? दुधात घालायच्या तपकिरी भुकट्या उंची आणि बुद्धी वाढवतात, असे आपल्या दोन पिढ्यांनी टीव्हीवरूनच शिकून घेतले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले की, बोर्नव्हिटासह अशी पेये 'आरोग्यपेये' या सदराखाली विकू नयेत. कारण कायद्यात असे सदरच नाही. डब्याच्या मागच्या बाजूस शंभर ग्रॅममध्ये साखर किती, हे बारीक इंग्रजीत छापलेले असते. ते वाचता येणे ही आरोग्यसाक्षरतेची पहिली पायरी मानली, तर आपल्यातले अनेक पदवीधर कारकून आणि शिक्षकही त्या पायरीच्या खालीच उभे सापडतील. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन वाढलेली माणसे महिन्याच्या पगारातून मुलासाठी तो डबा आणतात आणि आपण मुलासाठी काहीतरी केले, या समाधानात असतात.

टीव्ही मुलाने पाहिला नाही तरी तो घरात चालू असणे पुरेसे असते, ही गोष्ट तर बहुतेकांना ऐकूनही खरी वाटणार नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांची पन्नास मुले खेळणी देऊन एका खोलीत बसवली होती. खोलीत मोठ्यांसाठीचा एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम अर्धा वेळ चालू ठेवला. मुले पडद्याकडे अधूनमधून, तेही क्षणभरच पाहत होती. तरीही टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यात ती रमेनात. असेच प्रयोग आईबापांसह केले, तेव्हा मुलाशी त्यांचे बोलणेही उणावले. मूल भाषा शिकते ती त्याच्याशी कोणी बोलल्यामुळे. पडद्यावरचा माणूस त्याच्याशी बोलत नाही. त्याने 'ब' म्हटले तर 'बाबा का रे?' असे विचारत नाही. पडद्यामुळे मूल मुके होत नाही, पण ज्या तासांत त्याला बोलणे शिकता आले असते ते तास निघून जातात. येथे एक इशाराही दिला पाहिजे. मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत अलीकडे 'आभासी स्वमग्नता' असे भयंकर नाव देऊन टीव्हीने मुले स्वमग्न होतात, असे छातीठोकपणे सांगितले जाते. वैद्यकशास्त्राने असा स्वतंत्र आजार मानलेला नाही. पालकांना भेदरवणे सोपे असते, आणि भेदरलेली आई दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे जाण्याचाही संभव असतो.

झोपेचे गणित घराच्या चौकटीवर अवलंबून आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप हवी. पत्र्याच्या एकाच खोलीत चूल, अंथरूण आणि टीव्ही असेल, तर घरातली सर्वांत मोठी माणसे मालिका संपवून दिवा मालवतील तेव्हाच घरातले सर्वांत लहान मूल झोपेल. त्या मुलाला टीव्हीचे वेड असते असे नाही. त्याला निजायला जागा नसते, इतकेच. सकाळी वर्गात ते पेंगते आणि गुरुजी त्याला मठ्ठ समजतात. अशा घरातील मालिकेची वेळ हीच मुलाची झोपेची वेळ ठरते, म्हणून मुलाचा टीव्ही कमी करा हा उपदेश वस्तुतः सासू-सासऱ्यांना, दिराला आणि स्वतः आईला केला पाहिजे. तिच्यासाठी तो अर्धा-पाऊण तास दिवसातली एकमेव विश्रांती असतो. सूत्रे लिहिणाऱ्यांना या अर्ध्या-पाऊण तासाची किंमत ठाऊक नसावी.

टीव्ही हा शत्रूच आहे, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या देशात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, तो सहा राज्यांतील २४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण मराठवाड्याच्या उशाला असलेले कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. त्या प्रयोगाच्या पाहणीत आरोग्य आणि आहाराविषयीची माहिती निरक्षर स्त्रियांनी विशेष उचलली, असे दिसून आले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी पडदा हीच पाटी होती. पुढे पोलिओच्या लसीची तारीख घराघरांत पोचवली ती टीव्हीनेच. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात या प्रचाराचा वाटा कोणी नाकारणार नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बिहार, गोवा, हरयाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथे केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या खेड्यांत केबल पोचली तेथे बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह सैलावला आणि घरातल्या निर्णयांत स्त्रीचा शब्द वाढला, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०११ च्या जनगणनेत ज्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुलीच उरल्या होत्या, त्या जिल्ह्याने हा निष्कर्ष हसण्यावारी नेऊ नये.

मुलीचा उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे की, तिच्या टीव्हीविषयी पालकांचा दृष्टिकोन मुलाच्या टीव्हीहून वेगळा असतो. मुलगा टीव्हीसमोर बसला तर तो वाया चालला असे वाटते. मुलगी बसली तर ती घरात आहे, डोळ्यांपुढे आहे, म्हणून आईबाप निर्धास्त असतात. बारा वर्षांनंतर तिचे खेळणे संपते. मैदान तिचे नसते, पार तिचा नसतो, वाचनालय असलेच तर तेही तिचे नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झाल्याचे आढळले. टीव्हीसमोर बसवून ठेवलेली ही मुलगी तीन-चार वर्षांत स्वतः आई होते आणि मग आरोग्य सेविका तिला सांगते की बाळाला टीव्हीसमोर बसवू नकोस. बाळाला दुसरीकडे कोठे बसवतात, हे तिने स्वतःच्या लहानपणी फारसे पाहिलेले नसते.

आता ऊसतोडीकडे वळू. दरवर्षी काही लाख माणसे या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असल्यामुळे हंगाम संपेपर्यंत परतणे नाही. काही लेकरे फडावर जातात, पहाटेच्या थंडीत पाचटाच्या कोपीत किंवा बांधावर निजतात. आई ऊस तोडत असते आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. अलीकडे या बहिणीच्या हातात मोबाइल असतो, कारण तो दाखवला की धाकटे रांगत ट्रॅक्टरच्या चाकाखाली जात नाही. अशा ठिकाणी दोन वर्षांखालील बालकास पडदा दाखवू नये, हे सूत्र वाचून दाखवणाऱ्याने आधी पाळणाघर दाखवावे. जी लेकरे गावी राहतात त्यांची आजी साठ-पासष्टीची असते, गुडघे दुखत असतात, दिवसा तिला शेळ्या असतात. लेकरू बाहेर गेले तर विहीर आहे, साप आहे, रस्त्यावर वाहने आहेत. टीव्हीसमोर बसलेले नातवंड तिला सुरक्षित वाटते, आणि एका अर्थी ते असतेही. रात्री फडावरून आईचा दूरध्वनी येतो, तेव्हा लेकरू मोबाइलच्या पडद्यावर आईचे तोंड पाहते. हा पडदा सूत्रांत बसतो की नाही? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली आपली जुनी सूत्रे सुधारली, तेव्हा दूर असलेल्या माणसाशी असे समोरासमोर बोलणे तिने बंदीतून वगळले. तेवढे शहाणपण त्यांना सुचले, हे बरे झाले.

मुलांच्या टीव्हीवर उपाय म्हणून महाराष्ट्रात अलीकडे दोन गावांनी दोन निरनिराळे मार्ग चोखाळले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. त्याआधी तीन महिने, १५ ऑगस्ट २०२२ पासून, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे एक भोंगा वाजू लागला होता. संध्याकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो तोवर मुले अभ्यासाला बसतात. आरंभी थट्टा झाली. मग शिक्षक, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका घरोघर हिंडल्या. मला वडगावचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, तो भोंग्यामुळे नव्हे. बान्सीने मुलांना नियम लावला. वडगावने मोठ्यांनाही लावला. मुलाने अभ्यास करावा म्हणून बापाने बातम्या आणि आजीने मालिका सोडली. ज्या घरात खोली एकच आहे, त्या घराला लागू पडेल असा हा उपाय आहे. मात्र वडगाव हे कृष्णा खोऱ्यातल्या सधन मुलखातले गाव, आणि भोंगा वाजतो तेव्हा माणसे तेथे घरी असतात. शिरूर कासार तालुक्यातल्या एखाद्या गावात डिसेंबरात भोंगा वाजवला, तर तो ऐकायला म्हातारी माणसे, लेकरे आणि शाळेतले मास्तर एवढेच उरतील.

म्हणून मास्तरांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरातल्या दोन प्राथमिक शाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांना त्यांच्या नेहमीच्याच शिक्षकांनी सहा महिन्यांत अठरा पाठ दिले. त्यात मुलांनी आधी आपण किती पाहतो ते स्वतः नोंदवले, मग दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवून पाहिला आणि पुढे आठवड्याला सात तास एवढेच पाहण्याचा नेम केला. दुसऱ्या शाळेच्या तुलनेत या मुलांचे वजन कमी वाढले आणि जेवताना टीव्ही पाहण्याचे प्रमाणही घटले.  आपल्या शाळांची अडचण अशी की, त्या स्वतःच पडद्यावर विसंबू लागल्या आहेत. सकाळी परिपाठात मोबाइलचे दुष्परिणाम सांगायचे आणि संध्याकाळी गृहपाठ मोबाइलवरच्या गटात टाकायचा, हा प्रकार २०२० च्या टाळेबंदीनंतर अंगवळणी पडला आहे. आईबापाने कोणते ऐकावे?

त्या टाळेबंदीतच पडद्याचा चांगला उपयोगही दिसला, हे विसरून चालणार नाही. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका लागत असे. ज्या घरात इंटरनेट नव्हते तेथेही ती पोचली. त्याआधी पुण्याच्या बालचित्रवाणी संस्थेने १९८४ पासून मराठी मुलांसाठी कार्यक्रम केले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ वाचकांना त्यांची आठवण असेल. २०१७ साली ती संस्था बंद करण्यात आली. मराठी मुलासाठी, त्याच्या भाषेत आणि त्याच्या वयाला साजेसे काही करून दाखवणारी सरकारी व्यवस्था आपण मोडली, आणि मग मूल जपानी नाही तर हिंदी व्यंगचित्रे पाहते म्हणून हळहळत बसलो. अंबाजोगाईला दूरदर्शनचे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र होते. त्याच गावी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोंगरावरचे ते प्रक्षेपण आणि या महाविद्यालयातील बालरोगविभाग यांची गाठ घालून बीडच्या बोलीत आईशी बोलणारा एखादा कार्यक्रम करता आला असता.

तरीही हाताशी साधने नाहीत असे नाही. आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी आहे, गरोदरपणापासूनच्या नोंदींचे कार्ड घराघरांत आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा आणि अंगणवाड्यांतील मुले तपासतात. दृष्टिदोष आणि वाढीतला विलंब शोधणे हे त्यांचे कामच आहे. लेकरू किती वाजता झोपते, जेवताना त्याच्याशी कोण बोलते, दिवसातला किती वेळ अंगणात असते, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. टीव्ही किती पाहतो, हा चौथा प्रश्न विचारला नाही तरी चालेल. त्याचे उत्तर पालक खरे देत नाहीत आणि पहिल्या तिन्हींत ते आपोआप येते. मुख्य म्हणजे हे प्रश्न आजीला विचारले पाहिजेत. आपल्या सगळ्या आरोग्यपत्रकांवर आई आणि बाळ यांचे चित्र असते. हंगामातल्या बीड जिल्ह्यासाठी ते बदलून आजी आणि नातवंड असे करायला हरकत नाही. तिला सांगायचे ते उपदेशाच्या सुरात सांगू नये. ओव्या, उखाणे, कहाण्या यांचे भांडार तिच्याजवळ आहे आणि बाळाच्या वाढीसाठी जे बोलणे लागते ते हेच, हे तिला कोणी सांगितलेले नाही. टीव्हीवरच्या बाईपेक्षा आपण बाळाला अधिक शिकवू शकतो, यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागेल.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. त्याखेरीज हंगामी वसतिगृहे गावोगावच्या शाळांतून चालतात. तेथील टीव्ही किती वाजता लागतो, किती वाजता बंद होतो, संध्याकाळी मैदानावर मुलींना जाता येते की नाही, हे लिहून भिंतीवर लावण्यास सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आणि आजींची बैठक घ्यायची तर ती टोळ्या निघून गेल्यावर घेऊन उपयोग नाही. आईबाप गावात असतानाच, भाद्रपद-आश्विनात, मुकादम उचल वाटायला दारोदार हिंडत असतो त्याच दिवसांत ती घेतली पाहिजे. कोणत्या घरातले कोण जाणार आणि लेकरू कोणाजवळ राहणार, हे तेव्हा ठरत असते.